एका झऱ्यावरच्या विहिरी

संगणकावर खेळल्या जाणाऱ्या एका खेळाला व्याख्यानमालेत जागा का द्यावी, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात आला असेल, आणि तो रास्तच आहे. दिवसभराची कामे आटोपून, उन्हाचा ताव उतरल्यावर मंडळी येथे येतात ती काही जाणून घेण्यासाठी. पोरांच्या करमणुकीची माहिती ऐकण्यासाठी नव्हे. पण खेळ म्हटला की तो पोरकटच असला पाहिजे, असे आपल्या वाडवडिलांनीही कधी मानले नाही. चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. सैन्याची चार अंगे पटावर मांडून आपल्या देशाने सगळ्या जगाला एक खेळ दिला. ज्या खेळाची ओळख आज करून घ्यायची तो याच जातीचा आहे. मात्र त्याचा पट चौसष्ट घरांचा नाही, सूर्यमालेएवढा आहे. आणि त्यावर बसणारे पक्ष दोनच नसून तीन, चार, कधी त्याहूनही अधिक असतात.

खेळाचे नाव ऑरोरा. स्टीव्ह वॉल्मस्ली या ब्रिटिश गृहस्थांनी तो एकट्याने, केवळ हौसेपोटी रचला, आणि तो विनामूल्य मिळतो. त्याचे आधीचे रूप व्हिज्युअल बेसिक या जुन्या संगणकभाषेत होते. २०२० साली तो सी-शार्प भाषेत नव्याने लिहून प्रसिद्ध झाला. त्यात डोळे दिपवणारी चित्रे मुळीच नाहीत. निळ्या पाटीवर काही वर्तुळे, काही ठिपके, आणि बाजूला कोष्टकांमागून कोष्टके! नवख्या माणसाला एखाद्या पेढीची खातेवही उघडल्यासारखे वाटते. पण त्या ठिपक्यांत ग्रह आहेत, उपग्रह आहेत, लघुग्रह आणि धूमकेतू आहेत, आणि ते आपापल्या कक्षांत फिरत असतात. खेळणाऱ्याला काळ पाच सेकंदांच्या पावलाने पुढे नेता येतो आणि तीस दिवसांच्या पावलानेही. शांततेच्या काळात महिने भराभर सरतात; दोन ताफे समोरासमोर आले की घड्याळ सेकंदावर येते.

या प्रकारच्या खेळांना इंग्रजीत फोर-एक्स म्हणतात. १९९३ साली अ‍ॅलन एम्रिच या लेखकाने हे नाव रूढ केले. त्यात चार क्रियापदे गुंफलेली आहेत : शोधा, पसरा, उपसा आणि नामशेष करा. ही चार क्रियापदे आपण ध्यानात ठेवू. यांत 'वाटून घ्या' असे पाचवे क्रियापद नाही, आणि आजचे आमचे सारे सांगणे त्या पाचव्या क्रियापदाभोवतीच फिरणार आहे.

खेळाचा एक पूर्ण डाव म्हणजे मोहीम. ती संपायला महिनेच्या महिने लागतात. पुष्कळ खेळाडू आपल्या मोहिमेची बखर लिहितात, आणि खुद्द वॉल्मस्ली यांनीही अशा बखरी लिहिल्या आहेत. अमुक साली अमुक जहाज निघाले, तमुक ग्रहावर खनिज सापडले, फलाणा सेनापती वयोमानाने निवृत्त झाला, अशा नोंदी होत जातात. संगणक प्रत्येक अधिकाऱ्याला नाव देतो, गुण-अवगुण देतो. तो माणूस थकतो, आजारी पडतो, मरतोही. त्यामुळे वाचणाऱ्याचा त्यात जीव गुंततो. एके काळी मासिकातील क्रमशः कादंबरीच्या पुढच्या प्रकरणाची जशी वाट पाहिली जाई, तशी या बखरीच्या पुढच्या हप्त्याची वाट पाहणारे वाचक असतात. खेळ स्वतः न खेळताही त्याची मोहीम अशी अनुसरता येते.

यातला सर्वांत बोधप्रद प्रकार बहुराष्ट्रीय मोहिमेचा. साधारणपणे खेळाच्या आरंभी साऱ्या पृथ्वीचे एकच राज्य असते आणि ते अवकाशात पाय टाकते. बहुराष्ट्रीय मोहिमेत मात्र पृथ्वीवर अनेक राष्ट्रे मांडलेली असतात, आणि पुष्कळदा ती सारी एकच खेळाडू चालवतो. घरात एकट्यानेच दोन्ही बाजूंनी बुद्धिबळ मांडून बसणारे लोक आपण पाहिले आहेत. त्यांना पट फिरवताना आपलीच मघाची योजना विसरावी लागते. येथे तसे चार-चार वेळा विसरावे लागते. एका राष्ट्राच्या खुर्चीत बसून शेजाऱ्याविषयी संशय धरायचा, मग त्या शेजाऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसायचे आणि तो संशय आपल्यावर झेलायचा.

आता आपण अशी एक मोहीम मनाशी मांडून पाहू. समजा, पृथ्वीवर तीन राष्ट्रे आहेत. त्यांना आपण पश्चिमेचे, पूर्वेचे आणि दक्षिणेचे म्हणू. या जगात अकरा काल्पनिक खनिजे आहेत. इमारत असो वा जहाज, बहुतेक बांधकामाला ड्युरेनियम लागते. इंजिनांना गॅलिसाइट लागते. इंधन सोरियमपासून बनते. प्रत्येक खनिजाचे दोन आकडे असतात. साठा किती, हा पहिला. आणि ते किती सहज निघते, हा दुसरा. दुसऱ्या आकड्याला आपण कस म्हणू. साठा उपसत जावे तसा हा कस उतरतो. त्याच खाणी, तीच माणसे. पण दरवर्षी हाती येणारा माल कमी होत जातो.

आणि मुख्य मुद्दा हा की खनिजाचा साठा पृथ्वीच्या नावावर असतो. राष्ट्राच्या नावावर नसतो. तिघेही एकाच साठ्यातून उपसतात. ज्यांनी गावाकडे विहिरी पाहिल्या आहेत त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. शेताच्या बांधावर दगड रोवलेले असतात, सातबाऱ्यावर नावे वेगवेगळी असतात, पण जमिनीखालचा झरा एकच असतो. एकाने विहीर चार परस खोल नेली की शेजाऱ्याची विहीर आटते. मग तो सहा परस खोल जातो. दोघेही कर्जात बुडतात आणि पाणी जेवढे होते तेवढेच राहते. दोघांपैकी मूर्ख कोणीच नसतो. शेजारी थांबेल याची खात्री नसताना आपण थांबणे हा मूर्खपणा ठरतो, एवढीच अडचण असते.

मोहिमेची पहिली दहा-वीस वर्षे अशीच जातात. प्रत्येक राष्ट्र खाणी वाढवते, कारण दुसरा वाढवतो आहे. आणि कस उतरू लागला की तिघांचीही दृष्टी वर जाते. अवकाशाची ओढ हे काव्य बखरीच्या पहिल्या पानावर असते. पण जहाजे प्रत्यक्षात निघतात ती खालची विहीर आटू लागल्यामुळे.

प्रथम पाहणीची जहाजे जातात. खनिजांची मांडणी प्रत्येक डावात नव्याने होत असल्यामुळे चंद्रावर काय मिळेल, मंगळावर काय मिळेल, हे आधी कोणालाच ठाऊक नसते. मंगळ कोरडा ठणठणीत निघतो आणि एखादा क्षुल्लक लघुग्रह खनिजाने भरलेला निघतो, असेही घडते. धूमकेतू बहुधा चांगल्या कसाचे असतात. परंतु त्यांवर खाण बसवली तर ती धूमकेतूबरोबर वर्षानुवर्षे दूर निघून जाते, आणि तिच्यामागे जहाजे पाठवीत बसावे लागते. माणसांवाचून चालणाऱ्या स्वयंचलित खाणीही असतात. त्यामुळे कोणाचा संसार उभा न करतादेखील एखाद्या खगोलावर हक्क सांगता येतो.

येथे बखर वाचणाऱ्याने थांबून एक गोष्ट पाहावी. यंत्र प्रत्येक टन धातूचा हिशोब ठेवते. कोणाच्या खाणी किती, कोणाची जहाजे किती वेगाची, इंधन किती उरले, सारे त्याला ठाऊक असते. परंतु पश्चिमेने पूर्वेला 'या लघुग्रहावर तुम्ही या, आम्ही येणार नाही' असा शब्द दिला असेल, तर तो शब्द यंत्राच्या कोष्टकात कोठेच दिसत नाही. खेळाडूने स्वतःच चालवलेल्या राष्ट्रांमधील असे करारमदार त्याला बहुतांशी आपल्या वहीत लिहून ठेवावे लागतात आणि आपणच पाळावे लागतात. ते मोडले तर यंत्र हरकत घेत नाही. म्हणजे खाण ही वस्तू आहे आणि करार ही केवळ नोंद आहे. तरीही मोहीम वाचताना असे दिसते की तिचे भवितव्य त्या नोंदीवरच अधिक अवलंबून असते.

तीन उदाहरणे घेऊ. पहिले युद्धाचे. या खेळात अण्वस्त्रांचा मारा झाला की त्या ग्रहावर किरणोत्सार वाढतो आणि धुळीने थंडी पडते. हे दोन्ही आकडे राष्ट्राचे नसतात, ग्रहाचे असतात. पश्चिमेने पूर्वेवर अस्त्र टाकले तरी दक्षिणेच्या कारखान्यांचे उत्पादनही घटते, आणि पश्चिमेचेही. म्हणून पृथ्वीवर तिघेही हात आवरून असतात आणि आपले भांडण शनीच्या पलीकडे नेतात, जेथे साक्षीला कोणी नसते. अवकाशात प्रथम जाते ते घरचे वैर.

दुसरे उदाहरण मंगळाचे. तेथे वस्ती करायची तर आरंभी बंदिस्त घरे, हवा, उष्णता अशा पायाभूत सोयी वाहून न्याव्या लागतात. त्यांच्यावाचून माणसे जगत नाहीत. याला पर्याय म्हणजे ग्रहाचे वातावरणच बदलणे. यंत्रे दरवर्षी थोडा थोडा वायू हवेत सोडीत राहतात आणि कित्येक वर्षांनी ग्रह राहण्याजोगा होतो. आता समजा, हा खर्च दक्षिणेने केला आणि मंगळावर पूर्वेचीही एक वसाहत आहे. हवा दोघांनाही सारखीच मिळते. एकाने पैसे खर्चावे आणि दुसऱ्याने फुकट श्वास घ्यावा, असा प्रकार होतो. तेव्हा दक्षिणा काय करील? ती काम थांबवील, अथवा पूर्वेला हुसकावून लावील, अथवा 'वर्गणी द्या' म्हणेल. तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त असतो. परंतु त्यासाठी आधीच्या पन्नास वर्षांत एकमेकांचे शब्द पाळलेले असावे लागतात.

तिसरे उदाहरण गोफणीचे. खाणीतला माल दरवेळी जहाजातून आणणे परवडत नाही, म्हणून खेळात मास ड्रायव्हर नावाचे यंत्र असते. आपण त्याला गोफण म्हणू. ही गोफण धातूचे गाठोडे एका ग्रहावरून दुसऱ्याकडे भिरकावते आणि पलीकडची गोफण ते झेलते. पलीकडे झेलणारी गोफण नसेल तर? तर ते गाठोडे वसाहतीवर येऊन आदळते आणि माणसे मरतात. एखाद्या खेळाडूने दुसरीकडे गरज लागली म्हणून झेलणारे यंत्र हलवले आणि भिरकावणारे बंद करायला विसरला, की हा अनर्थ ओढवतो. अनेक राष्ट्रे असलेल्या मोहिमेत हा प्रश्न आणखीच अवघड होतो. ती चूक होती की हल्ला होता? आकाशातून पडलेल्या दगडावर हेतू लिहिलेला नसतो.

हे काल्पनिक आहे असे म्हणून सोडून देता येणार नाही. १९७८ च्या जानेवारीत सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा उपग्रह अणुभट्टीसह कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला आणि किरणोत्सारी अवशेष फार मोठ्या प्रदेशात विखुरले. अवकाशातून पडणाऱ्या वस्तूने केलेल्या नुकसानीची जबाबदारी ती सोडणाऱ्या राष्ट्राची, असा करार १९७२ साली झालेला होता. कॅनडाने साठ लाखांहून अधिक कॅनेडियन डॉलरांचा दावा मांडला. १९८१ साली तीस लाखांवर तडजोड झाली. शीतयुद्धाच्या ऐन काळात दोन विरोधी गटांतील राष्ट्रांनी हे प्रकरण पत्रव्यवहाराने मिटवले, कारण वहीत सहा वर्षांपूर्वीची एक नोंद होती.

हा खेळ वास्तवाला कोठे सोडून जातो, तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ऑरोरातली जहाजे ठरावीक वेगाने हवी तिकडे, हवी तेव्हा जातात. खरे यान तसे जात नाही. पृथ्वीच्या पकडीतून सुटायला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो, आणि मंगळाकडे कमी इंधनात जाण्याचा मुहूर्त साधारण २६ महिन्यांनी एकदाच येतो. आपले मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघाले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचले. तो मुहूर्त चुकला असता तर दोन वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले असते. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. खेळात लोकसंख्या हा एक आकडा आहे. मंगळावर जाण्यास नाखूष असलेली म्हातारी आई त्या आकड्यात दिसत नाही. सूर्यमालेचा हिशोब ठेवणारा खेळ घराचा हिशोब ठेवू शकत नाही, हे विसरता कामा नये.

पण एका झऱ्यावरच्या अनेक विहिरी हे चित्र मात्र खरे आहे, आणि ते आज आपल्या डोळ्यांसमोर घडते आहे. चंद्राचा अक्ष फारच थोडा, सुमारे दीड अंश कललेला आहे. त्यामुळे त्याच्या ध्रुवांजवळच्या काही विवरांच्या तळाशी सूर्यप्रकाश कधीच पोहोचत नाही, आणि जवळच्या काही उंच कडांवर तो वर्षाचा बहुतेक काळ असतो. २००८ साली निघालेल्या आपल्या चांद्रयान-१ वर एक अमेरिकी उपकरण होते. त्याच्या निरीक्षणांतून २००९ साली चंद्रभूमीवर पाण्याच्या खुणा असल्याचे जाहीर झाले, आणि त्याच निरीक्षणांच्या आधारे २०१८ साली ध्रुवांजवळच्या अंधारात पृष्ठभागावर बर्फ असल्याचा पुरावा मांडला गेला. पाणी म्हणजे पिण्याची सोय, श्वासासाठी प्राणवायू आणि यानासाठी इंधनही. बर्फ अंधारात आणि वीज मिळणार उजेडात; दोन्ही जवळजवळ असतील अशा जागा थोड्याच. चांद्रयान-३ हे २३ ऑगस्ट २०२३ रोजी दक्षिण ध्रुवाच्या दिशेने सुमारे ६९ अंशांवर उतरले, त्याचे अप्रूप एवढ्यासाठीच होते. चंद्र मोठा आहे, पण विहीर खणण्याजोगी जागा लहान आहे.

तेथे कोणाची मालकी? १९६७ च्या अवकाश कराराने याचे अर्धे उत्तर दिले आहे. अवकाश, चंद्र आणि इतर खगोल यांवर कोणत्याही राष्ट्राला सार्वभौमत्वाचा दावा करता येणार नाही, असे त्याचे दुसरे कलम सांगते. शंभराहून अधिक राष्ट्रांनी तो स्वीकारला आहे. उत्तराचा उरलेला अर्धा भाग मात्र मोकळा राहिला. जमीन कोणाची नाही हे ठरले; पण त्या जमिनीतून काढलेले पाणी कोणाचे? १९७९ च्या चंद्र कराराने ही संपत्ती सर्व मानवजातीचा सामाईक वारसा ठरवली. भारताने १९८२ साली त्यावर सही केली, पण त्याला पक्की संमती दिली नाही. आणि तशी संमती देणारी राष्ट्रे वीसही नाहीत. उलट, २०१५ साली अमेरिकेने कायदा करून आपल्या नागरिकांना काढलेल्या मालाचा हक्क दिला, आणि २०१७ साली लक्झेंबर्गने तसाच कायदा केला. २०२० साली अमेरिकेच्या पुढाकाराने आर्टेमिस करारनामा झाला. त्यात असे उपसणे म्हणजे भूमीवर कब्जा नव्हे, अशी भूमिका आहे, आणि एकमेकांच्या कामात अडथळा येऊ नये म्हणून सुरक्षा-क्षेत्रे आखण्याची तरतूद आहे. भारताने त्यावर जून २०२३ मध्ये सही केली. चीन आणि रशिया यांनी २०२१ साली आपल्या वेगळ्या चांद्रतळाची योजना जाहीर केली. म्हणजे दोन गट, दोन वह्या आणि एकच ध्रुव!

कोणाला वाटेल, कागदावरच्या रेषांनी काय होते? आपल्या प्रदेशाला तरी याचे विस्मरण होऊ नये. १४९४ साली तोर्देसियास येथे स्पेन आणि पोर्तुगाल यांनी केप व्हर्द बेटांच्या पश्चिमेस ३७० लीगांवर समुद्रात एक रेषा ओढली आणि पलीकडचे स्पेनचे, अलीकडचे पोर्तुगालचे असे ठरवून टाकले. ती रेषा नेमकी कोठून जाते हे मोजण्याचे साधनदेखील तेव्हा नव्हते. ज्यांच्या भूमीची वाटणी झाली त्यांना कोणी विचारले नाही, आणि जी युरोपीय राष्ट्रे त्या बैठकीत नव्हती त्यांनी ती वाटणी मानली नाही. सोळा वर्षांनी, १५१० मध्ये, आल्बुकर्कने गोवा घेतला, आणि तो मोकळा व्हायला १९६१ चा डिसेंबर उजाडावा लागला. दोघांनी मिळून केलेली वाटणी तिसऱ्याच्या किती पिढ्यांना पुरते, याचे हे घरचे उदाहरण आहे.

चंद्रावर माणसे राहत नाहीत, हा फरक मोठा आहे आणि सुदैवाचाही आहे. तेथे कोणाला गुलाम करायचे नाही. परंतु 'बैठकीत नसलेला तिसरा' तेथेही असतो. ज्या राष्ट्राजवळ आज अग्निबाण नाही ते राष्ट्र म्हणजे हा तिसरा. कालपर्यंत आपण त्याच बाकावर होतो. आज आपल्याला बैठकीत खुर्ची मिळाली आहे. खुर्ची मिळाल्यावर बाक विसरायचा की नाही, हा प्रश्न आपल्यापुढे आहे.

एकत्र राहणे अशक्य आहे असे नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात नोव्हेंबर २००० पासून माणसे सतत राहत आली आहेत. १९९८ च्या कराराने पंधरा राष्ट्रांनी त्यातले हक्क आणि कामे आधीच वाटून घेतली. आपल्या खोलीत आपला कायदा, आणि हवा मात्र सर्वांची एक. जमिनीवर संबंध बिघडले तरी वरची खिडकी कोणी फोडली नाही, कारण तिच्या आत स्वतःचाही माणूस होता.

बहुराष्ट्रीय मोहीम अनुसरण्याचा खरा लाभ आम्हांस येथे दिसतो. ती लिहिणाऱ्याला रोज रात्री तिन्ही खुर्च्यांवर बसावे लागते, आणि वाचणाऱ्यालाही. पश्चिमेचा हप्ता वाचताना त्यांची भीती पटते. पूर्वेचा हप्ता वाचला की कालची भीती हीच पूर्वेची भीती होती, हे उमगते. वर्तमानपत्रातल्या चंद्राच्या बातम्या आपण बहुधा एकाच खुर्चीवरून वाचतो. आपल्या घरी मुले किंवा नातवंडे असा खेळ खेळत असतील, तर यापुढे त्यांच्या शेजारी क्षणभर बसावे. किती जहाजे बुडवली हे त्यांना जरूर विचारावे, पण त्यानंतर आणखी एक गोष्ट विचारावी : शेजाऱ्याला दिलेले शब्द तू कोठे लिहून ठेवतोस?